उंबऱ्यावरचा जोर

"तुमचं नाव?" बाईंनी विचारलं.

वर्ग सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. पुढच्या बाकापासून एकेक जण उठून नाव सांगत होता, आणि माझी पाळी जवळ येत होती. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, जीभ दातांना टेकली आणि तिथेच चिकटली. मग लहानपणापासून करत आलो तेच केलं.

"आबा," मी म्हणालो.

वर्ग हसला. विशी ओलांडलेल्या पोराचं नाव आबा! शेजारी बसलेला मुश्ताक मात्र हसला नाही. तो अजिंठ्याचा इंग्रजी गाईड, माझा दोस्त, आणि त्यानेच मला ओढून या वर्गात आणलं होतं.

माझं खरं नाव दामोदर वाकळे. पण 'द' हे अक्षर माझ्या वाटेत कायम दगडासारखं पडलेलं असायचं. पाचवीत नव्या शाळेत गेलो तेव्हा मास्तरांनी नाव विचारलं. 'द'वर अडलो. पोरं खिदळायला लागली, तेव्हा जे सुचलं ते बोलून टाकलं: आबा. तेच चिकटलं. पुढे औरंगाबादेतल्या पर्यटन कंपनीत लागलो, तिथेही आबाच. काम काय, तर विमानतळावर पाहुण्यांच्या नावाची पाटी धरून उभं राहायचं. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याच्या हातात दुसऱ्यांच्या नावाची पाटी! देवालाही थट्टा करायला माणसं बरोब्बर सापडतात.

तोतरेपणावर माझ्या आईने वेखंड उगाळून इतकं चाटवलं होतं, की एव्हाना मी कीर्तनकार व्हायला हवा होतो. झालो नाही. वेरूळची लेणी मात्र पाठ होती. आमचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. शाळा बुडवून मी तिथेच भटकायचो आणि गाईड काय सांगतात ते कान देऊन ऐकायचो. त्यात चूक असली की डोकं सणकायचं, पण बोलणार कसं?

त्या काळी इटालियन पाहुण्यांचे तांडे यायला लागले होते आणि ती भाषा जाणणारा एकही गाईड आमच्या भागात नव्हता. म्हणून परवाना देणाऱ्या खात्याने औरंगाबादेत संध्याकाळचा वर्ग काढला. शेवटी परीक्षा, पास झाला त्याला परवाना. परीक्षा तोंडी होती. हे मुश्ताकने मला वर्गात बसल्यावर सांगितलं.

'आबा' ऐकून बाई हसल्या नाहीत. "बसा, आबा," एवढंच म्हणाल्या. स्वतःचं नाव त्यांनी सांगितलंच नव्हतं. वर्गात शिरल्या शिरल्या फळ्यावर लिहिलं होतं: इंदुमती रायरीकर.

नवऱ्याच्या कारखान्याने त्याला इटलीतल्या तोरिनोला पाठवलं, तेव्हा बाई बरोबर गेल्या, बरीच वर्षं राहिल्या आणि तिथल्या विद्यापीठातून भाषा शिकल्या. नवरा गेल्यावर परत आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, सुती नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, पायात कॅनव्हासचे बूट. बोलायच्या अगदी सावकाश, वाक्य जणू आधी हातात तोलून मग खाली ठेवायच्या. आणि बोलताना उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सतत फिरत असायचा.

"बाई जप करतात," मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला. "दत्ताचा असणार. चेहऱ्यावर तेज बघ ना."

सगळ्या वर्गाला ते पटलं. गुरुवारी कुणी तरी त्यांच्या टेबलावर पेढेही ठेवले. बाईंनी ते सगळ्या वर्गात वाटून टाकले.

पहिले काही आठवडे त्यांनी आम्हाला अर्थ शिकवलेच नाहीत, फक्त शब्द तोडायला शिकवलं. फळ्यावर शब्द लिहायच्या आणि मध्ये उभ्या रेघा मारायच्या. मोन-ता-न्या. ए-ले-फान-ते. तोडलेल्या प्रत्येक तुकड्याला बाकावर एका बोटाचा टकोरा, आणि ज्या तुकड्यावर जोर, तिथे पूर्ण पंजा. पंचवीस जण एकदम ते करायला लागले, की खालच्या मजल्यावरचा पहारेकरी वर येऊन बघून जायचा.

"आपण मराठी माणसं," बाई म्हणाल्या, "अक्षरांना पंगतीत बसवतो. सगळी एका रांगेत, सगळ्यांना सारखं वाढलेलं. इटालियन शब्दात एकाला उठून उभं राहावं लागतं. बहुतेक वेळा शेवटच्याच्या आधी बसलेला उठतो. मोन-ता-न्या. कधी त्याच्याही आधीचा. ता-वो-ला. कधी अगदी शेवटचा. चित-ता. कोण उठणार ते कळलं, की बाकीचे गप बसतात आणि शब्द नीट जेवून उठतो."

मुश्ताक इतक्या जोरात पंजा मारायचा, की माझ्या पेनाचं टोपण उडायचं. "ए-ले-फान-ते!" तो ओरडायचा. "आबा, तू पण मार ना बे!"

मी मारत होतो. टकोरे, पंजा, सगळं अचूक. फक्त तोंड बंद होतं.

एके दिवशी वर्ग सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं.

"तुम्ही एकही शब्द चुकत नाही," त्या म्हणाल्या. "आणि एकही बोलत नाही."

मला रागच आला. दिसत नाही का, असं विचारायचं होतं, पण विचारायलाही तोंडच लागतं. "मी त-त-त..." मी सुरू केलं आणि सोडून दिलं.

"एलेफान्ते म्हणा."

"ए..." तो शब्द स्वराने सुरू होतो, म्हणून निघाला. "एलेफान्ते."

"मोन्तान्या."

"म-म-म..." मान ताठ झाली, डोळे मिटले गेले. माझं हे रूप मी आरशात पाहिलंय, फार वाईट दिसतं. मी दप्तर उचललं. "बाई, मला न-नाही जमायचं. उगी वेळ घालवू नका."

"बसा हो. रागवायचं नंतर." त्यांचा अंगठा पेरांवरून फिरत होता. "तुम्ही काय करता माहीत आहे? शब्दाच्या दारात उभे राहता आणि सगळा जोर उंबऱ्यावर लावता. उंबरा काही हलत नाही. जोर आत आहे. मोन-ता-न्या. तो 'ता'वर आहे. 'मोन'वर काही नाही, तिथे नुसता पाय टेकवायचा आणि पुढे जायचं. एक बोट. एक पंजा. एक बोट."

मी बोट टेकवलं. नुसतं टेकवलं. 'मोन' अगदी हलका, जणू माझा नव्हेच, आणि मग पंजा 'ता'वर पडला.

"मोन्तान्या," मी म्हणालो.

दप्तर खाली ठेवलं आणि पुन्हा म्हणालो. पुन्हा. पहारेकरी वर आला, दारातून बघून गेला. मी पंजा मारतच होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याची मला लाज वाटली नाही. जन्मात पहिल्यांदा कुणी मला माझा जोर कुठे वाया जातो ते दाखवलं होतं. आतापर्यंत सगळे फक्त 'सावकाश बोल' सांगत आले होते.

"पण ज्यात जोर पहिल्याच अक्षरावर?" मी विचारलं. म्हणजे विचारायला बराच वेळ लागला, आणि बाई वाट बघत राहिल्या. मध्ये तोंड घालून माझं वाक्य पुरं केलं नाही. असं करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

"तेम-प्यो. रोच-चा." त्यांनी मान हलवली. "ते अवघड. देऊळ आणि खडक, नेमके तुमच्याच कामाचे. तशा शब्दाला एकटं सोडायचं नाही. मागच्या शब्दाच्या खांद्यावर त्याचा हात ठेवायचा. सोला रोच्चा, म्हणजे एकच खडक. सोलारोच्चा. एकच शब्द समजा."

"आणि म-माझं नाव?"

"आबा? त्यात काय आहे?"

तेव्हा मी त्यांच्या टेबलावरचा खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: दामोदर. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खडू घेऊन दोन रेघा मारल्या. दा-मो-दर.

"यात कोण उठणार, हे कुठल्या पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. "ते तुमचं तुम्ही ठरवायचं. घाई नाही."

पावसाळाभर मी टकोरे मारत होतो. विमानतळावर पाटीच्या मागच्या बाजूला, घरी ताटाच्या कडेवर, बसमध्ये पुढच्या सीटच्या पाठीवर. पुढे बसलेल्या बाईने एकदा वळून असं पाहिलं, की पुढचे दोन थांबे मी हात खिशात ठेवले. आई म्हणाली, "पोरगं बिघडलं." पण दिवाळीपर्यंत मांडीवर बोटं वाजवत मी कैलास लेण्याची सगळी माहिती इटालियनमधून सांगू शकत होतो. मराठीत तोतराच होतो. मुश्ताक म्हणायचा, "तू आता रोमलाच सोयरीक कर, आबा."

परीक्षा कैलास लेण्यातच ठेवली होती. परीक्षक सबनीस साहेब, दिल्लीहून आलेले, इटालियन येणारे, इस्त्रीचा सफारी घातलेले. वर्ग त्यांनीच मंजूर केला होता. बाई एका बाजूला दगडी हत्तीजवळ उभ्या होत्या. त्यांनी मध्ये बोलायचं नाही, असं त्यांना आधीच बजावलं होतं. इटालियनची पुढची परीक्षा कधी, होईल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. मुश्ताक सकाळीच पास होऊन बाहेर शेंगदाणे खात बसला होता.

"हं, नाव सांगून सुरुवात करा," साहेब म्हणाले.

मी नाव गाळलं. मांडीवर बोट टेकवून सरळ नमस्काराने सुरुवात केली: "ब्वोन्जोर्नो, सिन्योरी." पंजा जरा मोठ्याने वाजला.

"हे काय? तबला?"

मी थांबलो.

"पर्यटकांसमोर हे असले चाळे? हात मागे बांधा. सरळ उभे राहा."

मी हात मागे बांधले, आणि सगळं संपलं. 'क्वेस्तो', म्हणजे 'हे', त्याचा 'क' घशात रुतला. मान ताठ, डोळे मिटलेले, तेच ते जुनं रूप. किती वेळ तसा होतो कोण जाणे. आवारातली कबुतरं घुमत होती, ते तेवढं ऐकू येत होतं.

"हे पाहा," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, आवाजात कीवच होती, आणि तीच मला जास्त लागली. "इथे पायऱ्या झिजलेल्या आहेत, वर कडे आहेत. एखाद्याचा पाय घसरायला लागला तर तुम्ही त्याला सावध करणार कधी? तुमची मेहनत दिसते. पण हे काम बोलण्याचं आहे. दुसरं काही तरी बघा."

त्यांनी पेन उघडलं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

"बाई, आपलं ठरलं होतं..."

बाई हत्तीपासून निघाल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पर्स खाली ठेवली. मग त्यांनी माझ्यासारखेच दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मा-मा-मा..." त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्या माझी नक्कल करताहेत. क्षणभर काळजात सुरी गेल्यासारखं झालं. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. मान ताठ झाली होती. डोळे मिटले होते. ते रूप मला ओळखीचं होतं, नक्कल करून ते आणता येत नाही.

"मा-माझं नाव इ... इ... इ..." ओठ थरथरत होते. "इ-इंदुमती रा-रायरीकर. या व-वर्गावर मला तुम्ही ने-नेमलंत. मु-मुलाखत तुम्हीच घे-घेतलीत. आणि म्ह-म्ह-म्हणालात, बाई, कि-किती शांत बो-बोलता."

कपाळावर घाम आला होता. मग त्यांनी हात पुढे आणले. उजव्या हाताचा अंगठा पेरांवर टेकला, आणि आवाज पुन्हा नेहमीचा झाला, सावकाश, तोललेला.

"तेव्हा माझे हात मोकळे होते," त्या म्हणाल्या.

जप कसला, आणि दत्त कसला! आयुष्यभर ती बाई बोटांच्या पेरांवर एकेक शब्द तोडून, जोर कुठे ते चाचपून, मग तो बोलत आली होती. मराठी, इटालियन, सगळंच. नवऱ्याच्या मित्रमंडळीत, विद्यापीठात, आमच्या वर्गात. कुणालाही पत्ता लागू दिला नव्हता. आणि जे इतकी वर्षं झाकून ठेवलं, ते तिने एका पाटीवाल्या पोरासाठी भर उन्हात, ज्याच्या हातात तिची नोकरी होती त्याच्याच समोर उघडं केलं. मी लेण्यांत पुष्कळ शूर मूर्ती पाहिल्यात, राक्षस मारणाऱ्या, पर्वत उचलणाऱ्या. त्या दिवशी हात मागे बांधून उभ्या असलेल्या बाईंएवढं शूर मी अजून कुणी पाहिलेलं नाही.

सबनीस साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"हात सोडा," ते मला म्हणाले. "सोडा, सोडा. करा सुरुवात."

आता माझं डोकं तिरपट. हात सोडायची परवानगी मिळाली, तर मला ते सोडायचे नव्हते. मोकळे हात म्हणजे मेहेरबानी, असं काही तरी मनात आलं. पण हात बांधलेले असले तरी पाय होते की! गाईड काय एका जागी उभा राहून बोलतो? तो पाहुण्यांना घेऊन चालतो.

"वेनीते, सिन्योरी," मी म्हणालो. या मंडळी. आणि 'नी'वर पाऊल टाकलं.

साहेब गोंधळले, पण मागे आले. मी चालत राहिलो, हात मागे तसेच. पुढच्या दाराने निघून देवळाच्या चौथऱ्याला वळसा घालत, जिथे खडकातले हत्ती अख्खं देऊळ पाठीवर घेऊन उभे आहेत. हलक्या अक्षरांवर पाय उचलायचा, जोराच्या अक्षरावर रोवायचा. क्वेस्तो-तेम्प्यो, देवळाचा हात मागच्या शब्दाच्या खांद्यावर ठेवून. स्कोल-पी-तो. ऊना सोला-रोच्चा. हे देऊळ एकाच खडकात कोरलेलं आहे. दाल्लाल्तो, वरून खाली. आधी कळस, शेवटी पाया. मी हत्ती दाखवले, तुटलेल्या सोंडा दाखवल्या, रावण दाखवला. एका झिजलेल्या पायरीपाशी मी वळून "आत्तेन्ती!" म्हणालो, आणि साहेबांनी मुकाट्याने पाय जपून टाकला. मध्ये दोनदा अडलो. अडलो तर थांबलो, पाऊल उचललं आणि पुढे गेलो. मागे साहेबांच्या बुटांचा आवाज येत होता आणि त्याच्या मागे कॅनव्हासच्या बुटांचा, जवळजवळ नसल्यासारखा.

वळसा पुरा होऊन आम्ही पुन्हा हत्तीपाशी आलो.

साहेबांनी पेन उघडलं, लिहिलं. मग वर पाहिलं. "नाव राहिलं," ते इटालियनमध्ये म्हणाले.

आता चालायला वाट उरली नव्हती. मी उभा होतो. बाई समोर होत्या. त्यांनी मदत केली नाही, मानही हलवली नाही. नुसत्या वाट बघत राहिल्या, वर्गात बघायच्या तशा.

कोण उठणार ते मी तेव्हाच ठरवलं.

"मी क्यामो," मी म्हणालो, म्हणजे माझं नाव, आणि त्याच श्वासात, दारात न थांबता, "दामोदर." जोर 'मो'वर दिला. 'द'वर नुसता पाय टेकवला होता.

पुढे त्याच लेण्यात माझा जन्म गेला. किती इटालियन तांडे मी त्या हत्तींभोवती फिरवले त्याची गणतीच नाही. अजूनही मी चालतच बोलतो, अजूनही कधी कधी अडतो. पाहुण्यांना वाटतं, इथल्या गाईडची ही लकबच असावी. मुश्ताक अजून आबाच म्हणतो, त्याला माफ आहे.

त्या दुपारी आम्ही तिघं बसची वाट बघत रस्त्याकडेला बसलो होतो. मुश्ताकने दौलताबादची सीताफळं घेतली होती. बाई एकेक बी नीट बाजूला काढत होत्या. दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून बोलत नव्हत्या, हे मला आता कळत होतं.

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही हे म-मला आधी का नाही सांगितलं? पहिल्या दिवशीच?"

बाईंनी सीताफळ खाली ठेवलं. हात पुसले. मला वाटलं, आता अंगठा पेरांवर जाईल. गेला नाही. हात मांडीवर तसेच, स्वस्थ पडून राहिले.

"सां-सां-सांगणारच होते रे," त्या म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. "प-पण त्याआधी ना-ना-नाव सांगावं लागतं ना!"

मुश्ताकला आधी हसावं की नाही ते कळेना. बाईच हसल्या, आणि मग आम्ही तिघंही इतके हसलो, की आमची बस आली आणि निघून गेली.